विकिपीडियावरील संपादकीय वादांचे निराकरण

विकिपीडियावरील संपादकीय वादांचे निराकरण म्हणजे या मुक्त ज्ञानकोशातील लेखांच्या मजकुराबाबत किंवा संपादकांच्या परस्परांशी असलेल्या वर्तनाबाबत निर्माण झालेले मतभेद मिटवण्याची कार्यपद्धती होय. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश यांत मजकुराविषयीचा अंतिम शब्द संपादकाचा वा संपादक मंडळाचा असे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाला असे मंडळ नाही. कोणता मजकूर राहावा हे स्वयंसेवक संपादकांच्या सहमतीने ठरते. प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले बहुतेक नियम स्वतः ठरवतो. यांपैकी इंग्रजी विकिपीडियावरील यंत्रणा विशेष विस्तृत आहे.

वादांचे स्वरूप

वाद स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार मजकुराचा : एखादे विधान खरे की खोटे, ते लेखात हवे की नको, त्याला किती जागा द्यावी, शीर्षक कोणते असावे इत्यादी. दुसरा प्रकार वर्तनाचा : वैयक्तिक टीका, एकाच व्यक्तीने अनेक खाती वापरणे, चर्चा टाळून पुनःपुन्हा तोच बदल करणे इत्यादी. मजकूर हेतुपुरस्सर बिघडवणे याला 'उत्पात' म्हणतात. त्याची गणना वादात होत नाही. समोरचा संपादक लेख सुधारण्याच्याच इच्छेने लिहीत आहे असे प्रथम गृहीत धरावे, असा संकेत आहे.

लेखाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदला जातो व जुनी आवृत्ती पुन्हा आणता येते. या सोयीमुळे चूक सहज दुरुस्त होते. मात्र दोन संपादक एकमेकांचे बदल उलटवत राहिले, तर त्याच सोयीतून 'संपादन-युद्ध' उद्भवते.

आधारभूत तत्त्वे

मजकुराविषयीचा निर्णय तीन धोरणांच्या चौकटीत घेतला जातो : तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि मूळ संशोधनास मनाई. या धोरणांमुळे 'कोणाचे बरोबर?' या प्रश्नाची जागा 'विश्वसनीय ग्रंथ काय सांगतात?' हा प्रश्न घेतो. ग्रंथांतच मतभेद असल्यास संपादकाने स्वतः निवाडा द्यायचा नसून प्रत्येक मत त्याच्या मान्यतेच्या प्रमाणात आणि ते कोणाचे आहे हे सांगून नोंदवायचे असते.

शिवाजी महाराजांची जन्मतिथी हे याचे परिचित उदाहरण आहे. जेधे शकावलीच्या आधारे फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी पुढे आली. त्यापूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९ (६ एप्रिल १६२७) ही तिथी प्रचलित होती. महाराष्ट्र शासनाने पहिली तिथी स्वीकारली आहे. अशा ठिकाणी बहुमान्य तिथी मुख्य मजकुरात देऊन दुसऱ्या तिथीची नोंद करणे हा तटस्थतेचा मार्ग होय. दुसरी तिथी पुसून टाकल्याने किंवा दोन्ही तिथी समान तोलाच्या दाखवल्याने वाचकाची दिशाभूल होते.

निराकरणाचे टप्पे

इंग्रजी विकिपीडियावर साधारणपणे पुढील पायऱ्या आढळतात. वाद शक्यतो पहिल्याच पायरीवर मिटावा अशी अपेक्षा असते.

चर्चापान : प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चापान असते. एकाने बदल करावा, दुसऱ्याला तो मान्य नसल्यास त्याने उलटवावा आणि त्यानंतर दोघांनी चर्चापानावर यावे, अशी रूढ रीत आहे. चर्चा मजकुरावर करावी, व्यक्तीवर करू नये.

तीन वेळांची मर्यादा : एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे बदल उलटवण्यास २००४ पासून मनाई आहे. नियम मोडणाऱ्याचे संपादन काही काळ रोखले जाऊ शकते. तीन वेळा उलटवणे हा कोणाचा हक्क नव्हे; संख्या न ओलांडताही संपादन-युद्ध केल्याचा ठपका येऊ शकतो.

तिसरे मत : वाद केवळ दोघांत असेल, तर त्रयस्थ संपादकाचे मत मागवता येते. ते बंधनकारक नसते.

अभिप्राय-मागणी : मोठ्या प्रश्नावर सर्व संपादकांचे अभिप्राय मागवले जातात. ही मागणी साधारणतः ३० दिवस खुली राहते. शेवटी वादात नसलेला एखादा संपादक निष्कर्ष लिहितो. त्याने डोकी न मोजता युक्तिवाद आणि आधार यांचे वजन पाहावे असा दंडक आहे.

मध्यस्थी : यासाठी पूर्वी स्वतंत्र मध्यस्थी समिती होती, ती २०१८ मध्ये बंद करण्यात आली. वादनिराकरण फलकावर स्वयंसेवकांच्या साहाय्याने चर्चा होते.

लवाद समिती : विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ च्या अखेरीस या समितीची घोषणा केली. ती वर्तनाविषयी निर्णय देते आणि संपादकाला एखाद्या विषयापासून दूर ठेवू शकते किंवा पूर्णतः बंदी घालू शकते. लेखात काय लिहावे हे मात्र ती ठरवत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

पोलंडमधील एका बंदराचे नाव पोलिश 'ग्दान्स्क' लिहावे की जर्मन 'डान्झिग', यावर इंग्रजी विकिपीडियावर दीर्घ संपादन-युद्ध झाले. २००५ मधील मतदानानंतर कालखंडानुसार तोडगा निघाला : १३०८ ते १९४५ या काळासाठी 'डान्झिग', त्याआधी व त्यानंतर 'ग्दान्स्क'. कोणत्याही एका बाजूचे नाव सर्वत्र लागू न करता इतिहासातील सत्तांतर हीच नावाची कसोटी ठरली.

दह्यावरील लेखाच्या इंग्रजी शीर्षकातील वर्णलेखनाचा वाद सुमारे आठ वर्षे चालून २०११ मध्ये संपला. प्रश्न केवळ एका अक्षराचा होता. त्यामागे अमेरिकन व ब्रिटिश लेखनपद्धतींमधील ओढाताण होती.

मराठी विकिपीडिया

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. येथे लवाद समिती नाही. मतभेद लेखाच्या चर्चापानावर किंवा 'चावडी' या सामायिक चर्चास्थळी मांडले जातात आणि आवश्यकतेनुसार प्रचालक पान सुरक्षित करतात.

मराठीतील काही प्रश्न भाषेच्या स्वभावातून येतात. इंग्रजीत थोर व्यक्ती व सामान्य व्यक्ती यांना एकच सर्वनाम चालते. मराठीत 'तो' आणि 'ते' यांपैकी एक निवडावेच लागते, आणि ती निवड वाचकाला आदराची किंवा अनादराची वाटू शकते. उपाधी शीर्षकात असाव्यात का, परभाषेतील नावे उच्चारानुसार लिहावीत की रूढीनुसार, प्रमाणलेखनात बोलीरूपांना स्थान किती, हेही असेच प्रश्न होत. इंग्रजी नियमांचे केवळ भाषांतर येथे पुरे पडत नाही.

मर्यादा

या पद्धतीत सवड आणि चिकाटी असलेल्याचे पारडे जड होते, विषयाचा जाणकार थकून निघून जातो, अशी टीका होते. चर्चा सुरू होऊनही निष्कर्षाविना राहतात. इंग्रजी विकिपीडियावरील सात हजारांहून अधिक अभिप्राय-मागण्यांच्या २०१८ मधील अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मागण्यांचा औपचारिक समारोप झाला नसल्याचे आढळले.

सहमती किती विश्वसनीय, हे ती करणाऱ्यांच्या संख्येवर आणि विविधतेवर अवलंबून असते. क्रोएशियन विकिपीडियावर एका गटाने अनेक वर्षे वर्चस्व ठेवून इतिहासविषयक लेखांना राष्ट्रवादी वळण दिले, असा निष्कर्ष विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. तेथे नियम होते. ते पाळले जातात की नाही हे पाहणारे त्रयस्थ पुरेसे नव्हते. मोजके सक्रिय संपादक असलेल्या कोणत्याही भाषेतील विकिपीडियाला ही अडचण संभवते. तिसरे मत देणारा तिसरा माणूस उपलब्ध असणे, हीच या संपूर्ण यंत्रणेची पूर्वअट आहे.

हेही पाहा

मराठी विकिपीडिया
मराठी विश्वकोश
महाराष्ट्रीय ज्ञानकोश
लवाद