उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन-क्रमांकांचें दफ्तर व त्यावरील सल्लागार मंडळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेलिफोनच्या क्रमांकांची वांटणी कोणीं करावी, आणि वांटणाऱ्यावर नजर कोणीं ठेवावी, ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं तेथील सरकारनें एक सल्लागार मंडळ नेमलें. नॉर्थ अमेरिकन नंबरिंग कौन्सिल हें त्याचें नांव. हें मंडळ १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें जन्मास आलें अशी समजूत सहज होते; कारण मंडळाची पहिली बैठक त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं भरली, आणि कायद्यावर अध्यक्ष क्लिंटन ह्यांची सही त्यापूर्वीं ८ फेब्रुवारीस झालेली होती. परंतु मंडळ स्थापण्याचा हुकूम १३ जुलै १९९५ चा आहे. म्हणजे तो कायद्याहून जवळजवळ सात महिन्यांनीं जुना. हा फरक केवळ तारखांचा नाहीं. मंडळ कायद्याचें अपत्य मानिलें तर तें नव्या स्पर्धा-धोरणाचें एक अंग ठरतें. हुकुमाचें मानिलें तर त्याचें मूळ एका जुन्या दफ्तराच्या पडझडींत शोधावें लागतें. आमच्या मतें दुसरा पक्ष खरा आहे, व तो कागदांच्या क्रमावरूनच सिद्ध होतो.

हें दफ्तर मूळचें अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचें. तिनें १९४७ सालीं सर्व देशाचे व कानडाचे मिळून ८६ विभाग पाडले आणि प्रत्येकास तीन आंकड्यांचा एक विभागांक, ज्यास आज एरिया कोड म्हणतात, तो दिला. मधला आंकडा नेहमीं शून्य किंवा एक असे. ज्या संस्थानास एकच विभागांक त्यास शून्य, ज्यास अनेक त्यास एक. न्यूयॉर्क शहरास २१२, लॉस एंजेलिसास २१३ व शिकागोस ३१२ मिळाला ह्यांतहि हिशेब होता. फिरत्या तबकडीच्या यंत्रांत एकाच्या आंकड्यास एक ठोका पडतो व शून्यास दहा. तेव्हां जेथें वर्दळ मोठी तेथें ठोके थोडे. २१२ ला पांचच ठोके लागत. ग्राहकानें स्वतः तबकडी फिरवून दूरच्या गांवीं बोलण्याचा पहिला प्रसंग १० नोव्हेंबर १९५१ रोजीं न्यू जर्सींतील एंगलवुड येथें घडला; तेथील मेयरनें कॅलिफोर्नियांतील अलामेडाच्या मेयरशीं संभाषण केलें. पुढें एक्स्चेंजांचीं जुनीं नांवें काढून निव्वळ आंकडे आणण्याचें कंपनीनें ठरविलें, तेव्हां १९६२ सालीं सान फ्रान्सिस्को येथें त्याविरुद्ध नागरिकांचा एक संघच निघाला. लोकांस आंकड्यांविषयीं इतकी आस्था असते, हें ज्यांस चमत्कारिक वाटेल त्यांनीं स्वतःचा जुना क्रमांक सोडून पाहावा. योजना मात्र कंपनीच्याच कचेरींत ठरली होती व कंपनीच्याच इच्छेप्रमाणें तडीस गेली.

१ जानेवारी १९८४ रोजीं, न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन ह्यांच्या देखरेखीखालीं झालेल्या तडजोडीप्रमाणें, ह्या कंपनीचे वांटे पडले. घरें वेगळीं झालीं तरी क्रमांकांची वही एकच होती. ती फाडून वांटतां येईना. म्हणून ती बेलकोर नांवाच्या संस्थेकडे गेली. बेलकोरची मालकी मात्र वांटण्यांतून निघालेल्या सात प्रादेशिक कंपन्यांचीच होती. ह्याहून वाईट गोष्ट ही कीं, विभागांकाच्या आंत दहा दहा हजार क्रमांकांचे गठ्ठे वांटण्याचें काम प्रत्येक प्रदेशांतील मुख्य कंपनीच करीत असे. प्रतिस्पर्धी कंपन्यांस धंद्याचा हा कच्चा माल प्रतिपक्षाच्याच कोठारांतून मागून घ्यावा लागे.

ह्या व्यवस्थेचा कस शिकागोस लागला. ७०८ ह्या विभागांकांतील क्रमांक संपत आल्यावर तेथील अमेरिटेक कंपनीनें ६३० हा नवा विभागांक मागितला. पण तो केवळ भ्रमणध्वनि व पेजर ह्यांच्या कंपन्यांसाठीं. त्यांना ७०८ चे नवे क्रमांक देऊं नयेत, इतकेंच नव्हे तर पूर्वीं दिलेलेहि परत घ्यावेत, असा तिचा बेत होता. दफ्तरदार स्वतःच वादी झाला म्हणजे काय होतें ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें २३ जानेवारी १९९५ च्या निकालांत हा बेत पक्षपाती ठरवून रद्द केला. बेलकोरनें तर त्यापूर्वींच, १९९३ सालीं, ह्या कामांतून मोकळें होण्याची इच्छा कमिशनला कळविली होती. एकीकडे दफ्तरदार राजीनामा घेऊन उभा, दुसरीकडे शिकागोचा तंटा. ह्या दोहोंच्या पाठोपाठ जुलैचा हुकूम निघाला. त्यानें वही एका निःपक्षपाती कारभाऱ्याकडे द्यावी, गठ्ठ्यांची वांटणीहि मुख्य कंपन्यांकडून काढून त्याच्याच हातीं सोंपवावी, व त्याच्या निवडीपासून सर्व बाबतींत सल्ला देण्यास एक मंडळ असावें असें ठरविलें. १९९६ च्या कायद्यानें ह्यावर आपली मोहोर उठविली: क्रमांकांचा कारभार निःपक्षपाती संस्थेकडे असावा, संयुक्त संस्थानांपुरता अधिकार कमिशनचा असावा, आणि खर्च सर्व कंपन्यांनीं कोणाच्याहि स्पर्धेस बाध न येईल अशा रीतीनें सोसावा.

आतां मंडळाचें स्वरूप पाहूं. १९७२ सालच्या सल्लागार-समित्यांच्या कायद्याखालीं तें बसविलें होतें. ह्या कायद्याप्रमाणें समितीची सनद दोन वर्षांची असते. मुदतींत नवी न केल्यास समिती आपोआप संपते. बैठकीची सूचना सरकारी गॅझेटांत आगाऊ द्यावी लागते, बैठक सर्वांस खुली ठेवावी लागते, सरकारनें नेमलेला अधिकारी हजर असल्यावांचून ती भरत नाहीं, आणि कोण उपस्थित होतें, काय चर्चा झाली, काय ठरलें व कोणते कागद आले ह्यांचें इतिवृत्त ठेवून त्याच्या बिनचूकपणाबद्दल अध्यक्षास ग्वाही द्यावी लागते. जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यांस ह्या शेवटच्या कलमाचें महत्त्व सांगावयास नको. पहिले अध्यक्ष ॲलन हॅसेलवँडर हे होते. सभासदांत स्थानिक, लांब पल्ल्याच्या व भ्रमणध्वनीच्या कंपन्या, संस्थानांच्या नियामक मंडळांचे सभासद व ग्राहकांचे कैवारी होते. क्रमांक-योजना अनेक देशांची असल्यानें कानडा व कॅरिबियन बेटें ह्यांसहि स्थान होतें.

मंडळास अधिकार कोणताच नव्हता. तें सांगे, कमिशन ऐके किंवा न ऐके. तरीहि पहिल्याच वर्षीं त्याच्या सल्ल्यावरून दोन मोठ्या गोष्टी झाल्या. पहिली, ९ ऑक्टोबर १९९७ रोजीं लॉकहीड मार्टिन आय.एम.एस. ही कंपनी क्रमांकांची कारभारी नेमली गेली. पुढें ह्या कंपनीच्या मूळ घराण्यानें उपग्रहाद्वारें दळणवळण करणारी कॉमसॅट कंपनी घेण्याचें ठरविलें, तेव्हां दफ्तरदार पुनः धंद्यांत पडतो कीं काय अशी शंका निघाली. अखेरीस क्रमांकांचें खातें वेगळें काढून न्यूस्टार ह्या नव्या कंपनीच्या नांवें करावें लागलें. त्यास कमिशननें १७ नोव्हेंबर १९९९ रोजीं मान्यता दिली. शिकागोचा धडा चार वर्षांतच किती मुरला होता तें ह्यावरून दिसतें.

दुसरी गोष्ट वरकरणीं लहान, परंतु आमच्या मतें हीच मंडळाची खरी कामगिरी. क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची सोय ग्राहकास मिळावी असें कमिशननें १९९६ सालीं ठरविलें होतें. ही सोय आपल्याकडे २० जानेवारी २०११ रोजीं देशभर लागू झाली, त्यामुळें वाचकांस ती परिचित आहे. तिच्यासाठीं सात प्रदेशांच्या सात नोंदवह्या असाव्यात हा सल्ला मंडळानें १९९७ त दिला व तो स्वीकारला गेला. ह्या नोंदवह्यांमुळें कोणताहि एक क्रमांक त्याच्या गठ्ठ्यापासून सुटा होऊं शकला.

ह्याचा उपयोग काय झाला तें समजण्यासाठीं त्या काळच्या टंचाईकडे वळलें पाहिजे. १९९५ च्या आरंभीं मधल्या आंकड्याचें बंधन काढून टाकून आलाबामांत ३३४ व वॉशिंग्टन संस्थानांत ३६० हे विभागांक सुरू झाले, आणि पुढें नव्या विभागांकांची रीघ लागली. फॅक्सयंत्रें, पेजर व भ्रमणध्वनि वाढल्यामुळें आंकडे संपले, असें सर्वत्र म्हटलें जाई. हें कारण खरें असलें तरी अपुरें आहे. गठ्ठा दहा हजारांचा, आणि आकारणीच्या प्रत्येक लहान केंद्रासाठीं तो वेगळा. एखाद्या नव्या कंपनीस वीस केंद्रांत धंदा करावयाचा असल्यास, ग्राहक शंभर असोत वा हजार, तिच्या नांवें दोन लाख क्रमांक अडकत. सबंध विभागांकांत असे गठ्ठे आठशेंहून कमी. म्हणजे दहा-पंधरा नव्या कंपन्या आल्या कीं कोठार रितें, आणि क्रमांक मात्र बव्हंशीं पडीक! जमीन थोडी नव्हती. पट्टे मोठे होते.

ह्याचा भार पडे तो सामान्य माणसावर. विभाग दुभंगला तर अर्ध्या लोकांस नवा विभागांक घेऊन दुकानांच्या पाट्या, पत्राचे कागद, नातलगांच्या वह्या सर्व बदलावें लागे. एकावर दुसरा विभागांक चढविला तर शेजारच्या घरासहि दहा आंकडे फिरवावे लागत. सर्व योजनाच संपून क्रमांक दहा आंकड्यांहून लांबवावा लागला तर ५० ते १५० अब्ज डॉलर खर्च येईल असा अंदाज १९९९ सालीं कमिशनपुढें होता. उपाय निघाला तो गठ्ठे हजार हजारांचे करण्याचा. ह्याची पहिली परीक्षा इलिनॉय संस्थानानें १९९८ सालीं ८४७ ह्या विभागांकांत घेतली, ती त्याच शिकागोच्या परिसरांत. ३१ मार्च २००० च्या हुकुमानें कमिशननें हा उपाय देशास लागू केला, व २००२ च्या मार्चपासून तो क्रमाक्रमानें सर्वत्र अमलांत आला. दहा हजारांचा गठ्ठा फोडून दहा कंपन्यांस देणें १९९७ च्या नोंदवह्यांशिवाय शक्यच नव्हतें. त्याबरोबर प्रत्येक कंपनीनें आपल्याजवळच्या क्रमांकांचा ठरावीक हिशेब देण्याचें बंधनहि आलें. क्रमांक ही कोणाची मालकी नव्हे, सार्वजनिक ठेव आहे, हें तत्त्व कमिशन पूर्वींपासून सांगत आलें होतें; आमच्याकडील भाषेंत बोलावयाचें तर कंपन्या त्यांस वतन समजत होत्या, तें वतन नसून केवळ वहिवाट आहे हें आतां हिशेबाच्या कागदानें ठरलें.

मंडळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच्या आसनांवर बहुसंख्या व्यापाऱ्यांची होती, आणि ग्राहकांचा आवाज त्यांत क्षीणच राहिला. क्रमांक-बदलाच्या नोंदवह्यांचें काम न्यूस्टारकडून काढून टेलकॉर्डिया कंपनीस द्यावें हा सल्ला मंडळानें दिला व २६ मार्च २०१५ रोजीं कमिशननें तो मान्य केला. टेलकॉर्डियाची मालकी यंत्रें विकणाऱ्या एरिक्सनकडे असल्यानें ती निःपक्षपाती नव्हे, असा न्यूस्टारचा आक्षेप होता. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें तो २०१७ सालीं फेटाळला. एका काळीं ज्या कसोटीवर न्यूस्टारचा जन्म झाला तीच कसोटी तिनें प्रतिपक्षास लावून पाहिली. ह्या प्रकरणाच्या जाहीर कागदांत निविदांचा मजकूर व्यापारी गुपित म्हणून ठिकठिकाणीं झांकलेला आहे. वाळवीनें खाल्लेल्या ओळी जुळविण्याची आम्हांस संवय आहे. मुद्दाम काळ्या केलेल्या ओळींपुढें मात्र उपाय चालत नाहीं. नव्या कारभाऱ्याकडे नोंदवह्यांचें स्थित्यंतर २०१८ सालीं पुरें झालें, आणि विभागांकांची मूळ वहीहि २०१९ च्या आरंभीं न्यूस्टारकडून सोमॉस ह्या संस्थेकडे गेली. त्याच सुमारास, २०१८ च्या मे महिन्यांत, मंडळाच्या एका कार्यगटानें खोट्या क्रमांकावरून येणाऱ्या बोलावण्यांविषयीं अहवाल दिला. बोलावणाऱ्याच्या क्रमांकाच्या खरेपणाची साक्ष कोणीं द्यावी व साक्षीदारांवर देखरेख कोणाची असावी, हा त्याचा विषय होता.