मद्यव्यसनमुक्ती : सामाजिक आधार आणि बरे होण्याची प्रेरणा

दारूचे अवलंबित्व जडलेल्या व्यक्तीला कुटुंब, सोबती, गाव व आरोग्यसेवक यांच्याकडून मिळणारे साहाय्य म्हणजे सामाजिक आधार. पिणे थांबवून उपचारात टिकून राहण्याची तिची तयारी म्हणजे प्रेरणा. लोकसमजूत या दोहोंचा क्रम ठरवून टाकते : ‘त्याच्याच मनात पाहिजे.’ लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या तालुक्यात काय किंवा पुण्यात काय, या समजुतीमुळे घरचे वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. पुरावा मात्र सांगतो की मनाची तयारी बव्हंशी आधारातूनच घडते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारच नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० आप्तांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी साहाय्य देण्यात आले. शुद्धीत असताना आपुलकी दाखवणे, प्यायल्यावर बाजूला होणे आणि पिण्याचे परिणाम झाकून न ठेवणे, असे ज्या आप्तांना शिकवले त्यांच्या घरचे ६४ टक्के मद्यपी उपचाराला आले. घरच्यांनी एकत्र येऊन मद्यपीला तोंडावर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, तर आप्तांच्या आधारगटात १३. मद्यपीशी समुपदेशक एक शब्दही बोलला नव्हता, तरी त्याचे मन वळले.

यावर आक्षेप असा की उपचाराला येणे म्हणजे बरे होणे नव्हे; शिवाय सुधारू लागलेल्या माणसालाच लोक जवळ करतात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता? दुसऱ्या शंकेला चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी करणारे प्रयोग उत्तर देतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने ३७७ पुरुषांवर असा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांशी बोलणे झालेल्यांपैकी ५४ टक्के वर्षभरानंतर घातक पिण्याच्या बाहेर होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३२ टक्के. हे पुरुष पूर्ण अवलंबित्वाच्या अलीकडचे होते, एवढी मर्यादा मानावीच लागते. अवलंबित्व जडलेल्यांसाठी १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या परस्परसाहाय्य संघटनेचा दाखला अधिक जवळचा. तेथील बैठकांत रुग्णांना नेटाने जोडून देणारे उपचार दीर्घकालीन मद्यत्यागात इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा २०२० च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष आहे.

सगळाच आधार हितकारक नसतो. मुलाची उधारी फेडणारी आई आणि कामावर ‘ताप आलाय’ म्हणून निरोप धाडणारी बायको मायेपोटीच दारूला वाट करून देतात. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात म्हणूनच रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. पण सुधारण्याचा भार पुन्हा बायकोच्याच डोक्यावर का, हा प्रश्न रास्त आहे. मारहाण होत असेल तर तिची सुरक्षितता आधी. आधार म्हणजे सोसणे नव्हे. गावाकडे बायकोच्या आधाराच्या जोडीला वारकरी माळ, म्हणजे दारू न पिण्याचे व्रत, असते. माळ घातलेल्याला कोणी प्यायला बसवत नाही. नकार देण्याचे ओझे एकट्यावर राहत नाही. मात्र बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, तेव्हा माळेआधी डॉक्टर हवा.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावलंबी ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याची नोंद आहे. अशा स्थितीत तालुक्याच्या ठिकाणी पाठपुराव्याची साप्ताहिक बैठक भरवणे हे नव्या खाटांपेक्षा स्वस्त आणि लवकर जमणारे काम आहे. मराठवाड्यात तिची अडचण वेगळीच : दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि नुकतीच दारू सोडलेला मजूर त्या बैठकीपासून कित्येक महिने तुटतो, तेही जुन्या पिणाऱ्या सोबत्यांच्याच टोळीत.