सुरीची तिरकी धार : याओझोऊच्या हिरव्या भांड्यांवरचं कोरीवकाम

सेलाडॉन म्हणजे हिरव्या झिलईची चिनी भांडी, एवढं आपल्याला साधारण ठाऊक असतं. संग्रहालयात आपण त्यांच्या रंगाचं कौतुक करतो आणि फुलापानांना ‘नक्षी’ म्हणून पुढे सरकतो. पण हा रंग आणि ही नक्षी वेगळी काढता येते का, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ याओझोऊच्या भट्ट्यांचं. आजच्या शाआन्शी प्रांतात, तोंगछ्वान शहराजवळ त्या होत्या. त्यांचा बहर उत्तर सोंग काळातला, म्हणजे इ.स. ९६० ते ११२७ मधला.

हिरवा रंग येतो झिलईतल्या थोड्याशा लोहामुळे, साधारण १ ते ३ टक्के. भट्टीत हवा कोंडली की ते हिरवी छटा देतं. हवा जास्त मिळाली तर पिवळट-तपकिरी.

आता सुरीकडे येऊ. भांडं अर्धवट सुकलं की कारागीर रेषेवर आधी सरळ, खोल काप घ्यायचा. मग सुरी तिरकी धरून बाजूची माती काढायचा. म्हणजे एकीकडे उभी कड, दुसरीकडे उतार. पानांच्या शिरा आणि लाटा दातेरी फणीने ओढायच्या. भाजताना झिलई वितळून खोलगट जागी साचते. तिथे ती गडद दिसते, कडांवर पातळ आणि फिकी. झिलई एकच, भाजणी एकच, तरी पाकळीला सावली मिळते! दुसरा रंग नाही, कुंचला नाही. इथे छटा ठरवते ती सुरी.

त्या काळच्या लोकांनाही हे कळत होतं. याओझोऊच्या १०८४ सालच्या शिलालेखात या कामाची तुलना जेड कोरण्याशी केलेली आहे.

पुढे मागणी वाढली, तशी साच्यांची पद्धत रुळली. भाजलेल्या मातीच्या साच्यावर नक्षी एकदाच कोरायची आणि वाडगे त्यावर दाबून काढायचे. याला सरसकट ऱ्हास म्हणावं का? आपल्याला तसं वाटत नाही. साचाही कुणीतरी हातानेच कोरलेला होता, आणि नक्षीची भांडी जास्त घरांत पोचली. पण प्रत्येक भांड्यावरचा हाताचा वेगळा झोक मात्र गेला.

उलट बाजूचा पुरावा दक्षिणेत, झेजियांगमधल्या लोंगछ्वानला मिळतो. दक्षिण सोंग काळात तिथे झिलईचे थरांवर थर देऊ लागले. जाड झिलईखाली बारीक रेघ बुजते. म्हणून तिथे नाजूक कोरीवकाम मागे पडलं आणि वाडग्यांच्या बाहेरून ठसठशीत कमळपाकळ्या आल्या. म्हणजे झिलई बदलली, की नक्षीलाही बदलावं लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी असा वाडगा दिसला, तर तो बाजूच्या उजेडात पाहू. रेषेची एक कड उभी आणि दुसरी उतरती आहे का? खोली जागोजागी बदलते का? तसं असेल, तर तो सुरीचा झोक आहे. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचा, आणि अजून स्पष्ट वाचता येणारा.