आज्ञेची स्मृती: रनकॉमपासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

सन 1963-64 च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. येथे लुई पूझँ नावाचा एक फ्रेंच संगणकतज्ज्ञ काम करीत होता. एकाच अवाढव्य यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे यासाठी तेथे 'सी.टी.एस.एस.' ही प्रणाली उभी राहिली होती. वापरणारा टंकयंत्रासारख्या उपकरणापुढे बसे, एक आज्ञा टंकित करी, उत्तराची वाट पाही आणि मग पुढची आज्ञा देई. पूझँच्या लक्षात आले की माणसे दिवसभर त्याच चार-पाच आज्ञा त्याच क्रमाने देत आहेत. बदलते ते फक्त फाइलचे नाव. तेव्हा त्याने 'रनकॉम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आज्ञांची मालिका एका फाइलीत लिहून ठेवायची, बदलणाऱ्या नावाच्या जागी खूण करायची आणि पुढे एकाच शब्दाने सारी मालिका चालवायची.

'रनकॉम' म्हणजे 'रन कमांड्स'. आजही युनिक्स आणि लिनक्समधील अनेक मांडणी-फाइलींच्या नावाअखेर 'आरसी' ही दोन अक्षरे असतात, ती तेथूनच आली. आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' हे नावही पूझँनेच दिले. हा गृहस्थ पुढे मायदेशी परतला आणि 'सिक्लाद' हे संगणकजाळे उभारून इंटरनेटच्या पायाभरणीत सहभागी झाला. पण तो वेगळा विषय.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्याने 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हा संपूर्ण मायना चार अक्षरांत बांधून ठेवलेला असतो. 'राजमान्य राजश्री'चे 'रा. रा.' तसेच झाले. टर्मिनलच्या भाषेत याला 'एलियास' म्हणतात: लांब आज्ञेला दिलेले लहान टोपणनाव. फरक एवढाच की पत्र वाचणाऱ्याला त्या अक्षरांचा विस्तार परंपरेने ठाऊक असतो, आणि यंत्राला तो आधी कोणी तरी लिहून द्यावा लागतो.

युनिक्सच्या आरंभीच्या दिवसांत, 1970 च्या आसपास, टेलिटाइप यंत्रे सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापीत. युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या का, याचे एक उत्तर त्या संथ यंत्रांत आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बर्कली येथे बिल जॉय याने 'सी शेल' लिहिले आणि त्यात दोन गोष्टी आणल्या: एलियास आणि हिस्टरी. दोन उद्गारचिन्हे टंकित केली की मघाची आज्ञा जशीच्या तशी पुन्हा चाले. पुढे ब्रायन फॉक्स याने 1989 मध्ये 'बॅश' हे शेल आणले. आज वरच्या दिशेचा बाण दाबताच जुनी आज्ञा समोर येते, कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबून ती शोधता येते, ही सवय बहुतेकांना बॅशनेच लावली.

येथपर्यंतचा इतिहास श्रम वाचवण्याचा आहे. त्याला वेगळे वळण मिळाले ते विज्ञानाच्या प्रयोगशाळांत. त्याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथे उभे आहे.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप'मध्ये, म्हणजेच जी.एम.आर.टी.मध्ये, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, आणि त्या सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. एका रात्रीच्या निरीक्षणात या साऱ्यांना एकाच वेळी एका स्रोताकडे वळवायचे, नोंदणी सुरू करायची, ठरलेली मिनिटे थांबायचे, नोंदणी बंद करायची आणि मग दुसऱ्या स्रोताकडे जायचे. त्यात दर अर्ध्या-पाऊण तासाने मूळ लक्ष्य सोडून एका 'कॅलिब्रेटर'कडे, म्हणजे ज्याचे स्थान व स्वरूप आधीच ठाऊक आहे अशा तेजस्वी स्रोताकडे, वळावे लागते. वातावरण आणि यंत्रणा यांच्यात दरम्यान काय बदल झाला ते त्यावरून कळते. हे आठ-दहा तास हाताने टंकित करीत बसणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून निरीक्षक आधीच एक आज्ञा-फाइल तयार करतो आणि रात्रभर तीच आवर्तने घेत राहते. पूझँच्या रनकॉमचे हे थेट वंशज म्हणता येईल.

निरीक्षण संपल्यावर खरे काम सुरू होते. रेडिओ खगोलशास्त्रात दीर्घकाळ वापरात असलेली 'एप्स' ही संगणकप्रणाली अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत 1978 पासून घडत गेली. तिच्या एकेका कार्याला डझनावारी परिमाणे द्यावी लागतात. म्हणून तिच्यात 'टीगेट' ही आज्ञा आहे; मागच्या वेळी त्या कार्याला दिलेली सारी परिमाणे ती परत आणून देते. मला मात्र एप्सची दुसरी सोय अधिक मोलाची वाटते. प्रत्येक प्रतिमेसोबत तेथे एक हिस्टरी-फाइल चालते, आणि कोणते कार्य कोणत्या परिमाणांनी झाले हे त्या प्रतिमेच्याच अंगावर लिहिले जाते. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिट्स' या खगोलीय फाइल-पद्धतीतही 'हिस्टरी' हा शब्द शीर्षभागात राखून ठेवलेला आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर जशी फेरफाराची नोंद, तशीच ही.

शेलच्या हिस्टरीत आणि या हिस्टरीत मोठे अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांची गफलत नेमकी येथेच होते. बॅश आपण होऊन जपते त्या शेवटच्या 500 आज्ञा. वेगळे सांगितल्याशिवाय त्यांची वेळ नोंदवली जात नाही. आज्ञा कोणत्या फोल्डरात चालली, यशस्वी झाली की फसली, प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती होती, यांतले काहीच त्या यादीत नसते. उलट नको ते मात्र राहते: घाईत आज्ञेसोबत टंकित केलेला पासवर्डही त्या साध्या मजकुरात जाऊन बसतो. असे टिपण प्रयोगवही म्हणून पुढे करता येणार नाही. काम एकदा जमले की त्या आज्ञा हिस्टरीतून उचलून स्क्रिप्टच्या फाइलीत, कारण सांगणाऱ्या टीपांसह, उतरवल्या पाहिजेत.

असे केल्याने काय साधते, याचा पुरावा जी.एम.आर.टी.नेच दिला आहे. 2010 ते 2012 या काळात तेथे 150 मेगाहर्ट्‌झवर 'टी.जी.एस.एस.' हे आकाश-सर्वेक्षण झाले. दोन हजारांहून अधिक तासांची निरीक्षणे नोंदली गेली. मूळ चमूने त्यातील काही भागाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या होत्या. पुढे हुइब इंटेमा, प्रशांत जगन्नाथन, कुणाल मूळये आणि डेल फ्रेल यांनी संग्रहातील ही सारी निरीक्षणे पुन्हा हाती घेतली. इंटेमांची 'स्पॅम' ही प्रणाली एप्सचीच कार्ये पायथन भाषेतून एकामागून एक चालवते आणि आयनांबरामुळे प्रतिमेत येणारी विकृती दूर करते. माणसाचा हात मध्ये न येता तीच आज्ञामालिका सर्व निरीक्षणांवर फिरली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून आकाशाच्या सुमारे 90 टक्के भागाच्या प्रतिमा आणि 6.2 लाख रेडिओ स्रोतांची सूची जगाच्या हाती आली. ज्यांनी दुर्बीण वळवली त्यांच्याखेरीज इतरांनी, काही वर्षांनंतर, खोडदला एक तासही न मागता हे केले.

मात्र जतन केलेली आज्ञा चूकही तितक्याच निष्ठेने जपते. त्याच वर्षी नताशा हर्ली-वॉकर यांनी ऑस्ट्रेलियातील 'ग्लीम' सर्वेक्षणाशी तुलना करून दाखवले की टी.जी.एस.एस.च्या या सूचीत आकाशाच्या काही भागांत तेजाचे माप सरकलेले आहे. एकेका स्रोताचा अभ्यास करणाऱ्याला हे सहसा जाणवणार नाही. पण लाखो स्रोतांची आकाशातील मांडणी पाहून विश्वाच्या भव्य रचनेविषयी निष्कर्ष काढणाऱ्यासाठी ते निर्णायक ठरू शकते, आणि या सूचीतून निघालेल्या काही विस्मयकारक संकेतांची चर्चा पुढे याच दोषाच्या अंगाने झाली. प्रक्रिया सर्वत्र एकसारखी होती आणि तिची मूल्ये लिहून ठेवलेली होती, म्हणूनच भाग-भागाची तुलना करून दुरुस्तीचे गुणक काढता आले. दर रात्री वेगळ्या माणसाने वेगळ्या परिमाणांनी काम केले असते, तर दोष कोठे संपतो आणि खरे आकाश कोठे सुरू होते हे सांगणे फार अवघड झाले असते.

अलीकडे रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी सुधारित जी.एम.आर.टी.साठी 'कॅप्चर' ही आज्ञामालिका 2021 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात परिमाणे एका वेगळ्या फाइलीत भरायची असतात, त्यामुळे प्रतिमेसोबत ती फाइल दुसऱ्याला देता येते. निरीक्षकाचा राखीव काळ संपल्यावर जी.एम.आर.टी.ची मूळ निरीक्षणेही ऑनलाइन संग्रहात खुली होतात. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात, उरल्याच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या एखाद्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीलाही ती मागता येतात. तिच्या साध्या संगणकावर एक प्रतिमा घडायला रात्र लागेल, कधी दोन. मध्यरात्री वीज गेली, तर सकाळी कोणत्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची हे तिला स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ओळींवरूनच कळेल.