फेरीवाल्याचा हक्क : टोपलीपासून कायद्यापर्यंत

बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी ही महाराष्ट्रातील मुस्लिमांची आडनावे मुळात धंद्याची नावे आहेत. फळे, अत्तर, पान, बांगड्या विकत आणि कापूस पिंजत ही माणसे गावोगाव हिंडली. आठवडी बाजारात त्यांची जागा ठरलेली असे. दारी आलेल्या मणियाराकडून हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांतल्या बायका बांगड्या भरत. त्या काळी फिरून विकणाऱ्याला कोणी अतिक्रमण करणारा म्हटले नाही. ते नाव त्याला शहराने दिले.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. रस्त्यावर विनापरवाना मांडलेला माल पूर्वसूचनेशिवाय उचलण्याचा अधिकार या कायद्याने पालिकेला मिळाला. रस्ता वाहतुकीचा, बाजार मंडईचा, ही त्यामागची दृष्टी होती. परंतु मंडईतला गाळा परवडत नाही अशा माणसाने पोट कसे भरावे, याचे उत्तर त्यात नव्हते. परवाने मोजके आणि पोट भरू पाहणारे असंख्य, त्यामुळे परवान्याची जागा हप्त्याने घेतली. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा प्रश्न अधिकच बिकट झाला. काम गेलेल्या कित्येक गिरणी कामगारांनी हातगाडी धरली किंवा पदपथावर पथारी पसरली.

पुढची लढाई न्यायालयात झाली. पदपथावर राहणाऱ्यांच्या वतीने पत्रकार ओल्गा टेलिस यांनी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. त्याच सुमारास मुंबईच्या फेरीवाला संघटनेच्या खटल्यात फेरीवाला क्षेत्र व ना-फेरीवाला क्षेत्र ही विभागणी मान्य झाली. १९८९ साली दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात, योग्य नियमन राहिल्यास पदपथावर व्यापार करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्वाळा मिळाला. मात्र एका ठरावीक जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले.

नियमांचा काच कुठे बसतो, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. प्रार्थनास्थळापासून शंभर मीटरच्या आत विक्रीला मनाई करण्यात आली. माहीम किंवा हाजी अलीच्या दर्ग्यापाशी फुले आणि चादर विकणाऱ्याने मग जावे कुठे? २००३ च्या निकालात न्यायालयाने फुले, चंदन, मेणबत्त्या, अगरबत्ती, नारळ अशा अर्पण करावयाच्या वस्तूंना सूट दिली. बाजार माणसांच्या वहिवाटीने वसतो, ही गोष्ट न्यायालयाला अशी मान्य करावी लागली.

अखेर २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हुसकावता येणार नाही, हटवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा, आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून द्यावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो.

कायदा कागदावर उत्तम आहे. पण मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि समितीच्या निवडणुकीचे मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. मतदारयादीत नावे होती सुमारे ३२ हजार. मधल्या काळात, २०१७ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. पूल अरुंद होता, तरी त्यानंतर मोहीम निघाली ती प्रामुख्याने फेरीवाल्यांविरुद्ध.

पादचाऱ्यालाही चालायला जागा हवीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच कायद्याने नियमन सांगितले आहे, उच्चाटन नव्हे. या कायद्याचे संरक्षण कोणत्याही जातीच्या किंवा धर्माच्या विक्रेत्याला आहे. म्हणून बागवानाची गाडी आणि भाजीवालीची टोपली यांची लढाई एकच आहे. आपल्या शिकलेल्या तरुणांनी मोहल्ल्यातील विक्रेत्यांचे अर्ज भरून द्यावेत, सर्वेक्षणात त्यांची नोंद होते की नाही ते पाहावे, नोटीस आली तर वाचून दाखवावी. ज्याच्या हाती प्रमाणपत्र आहे, त्याच्याकडे हप्ता मागणे सोपे राहत नाही.