कारण आणि निमित्त



पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. 'कारणे लिहा' हा प्रश्न दरवर्षी असायचा आणि मुले दरवर्षी एकच चूक करायची. १८५७ च्या उठावाचे कारण काय? उत्तर ठरलेले : काडतुसे. मी लाल शाईने लिहायचो, "हे निमित्त झाले. कारण लिही." आता सत्तरी उलटल्यावर तीच चूक माझ्या हातून झाली आणि एका मिस्तरीने ती दाखवून दिली. म्हणून हे लिहायला बसलो.

झाले असे. यंदाच्या एप्रिलमध्ये अक्काला जळगावहून सिल्लोडला आणायचे होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ८४. आमची गाडी जुनी, डिझेलवरची, जीपच्या वळणाची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी पुन्हा करून घेतलेली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. पुतण्या चालवत होता. पहूरपर्यंत गाडी छान आली. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढू लागलो तशी तिची ताकदच गेली. दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. मागे काळा धूर आणि पुढे काटा लाल रेषेला टेकलेला.

पुतण्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागला. मी ओरडलोच. त्या झाकणाखाली पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो, आणि सगळे उकळते पाणी तोंडावर येते. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबण्याला पर्याय नव्हता.

झाडाखाली सतरंजी टाकून अक्काला बसवले. गाडीपासून झाडापर्यंत चार पावले, तेवढ्यानेही तिला दम लागला. जरा सावरल्यावर म्हणाली, "अरे बापू, पूर्वी एसटीसुद्धा इथं तापायची. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उतरायचा." मग पदराने वारा घेत म्हणाली, "वय झालं रे माझं. आणि तुझ्या गाडीचंही."

तासभर बसलो होतो. रिकामा मास्तर काय करणार? मनातल्या मनात तास घेऊ लागलो.

हा घाट म्हणजे मराठवाड्याचे पठार आणि खानदेश यांच्यातली पायरी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथून जवळच, भोकरदनकडच्या असई गावी मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. हरलेल्या मराठी फौजा अजिंठ्याच्या घाटाने खानदेशात उतरल्या. इंग्रजांनी आपले जखमी अजिंठा गावात आणून ठेवले.

मराठे असईला का हरले? मुले लिहायची, "इंग्रजांची शिस्त." पण शिंद्यांकडेही कवायती पलटणी होत्या आणि तोफखाना तर असा होता की त्या एका दिवसात इंग्रजांच्या बाजूची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. मग कारण कुठे शोधायचे? एक वर्ष मागे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १८०३ साली शिंदे-भोसले लढायला उभे राहिले तेव्हा होळकर बाजूला राहिले. शिंद्यांच्या पलटणींमधले इंग्रज अधिकारी तर लढाईआधीच नोकरी सोडून गेले होते. असईचे मैदान हे निमित्त. बिघाड आधीच साचलेला होता.

एवढे सगळे आठवले, पण समोर उभ्या गाडीला ते लावून पाहायचे सुचले नाही!

गाडी निवल्यावर पाणी भरून, थांबत थांबत सिल्लोड गाठले. दुसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या एका मोठ्या गॅरेजला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच सांगितले, हेड गॅस्केट गेले असणार, इंजिन खोलावे लागेल, चाळीस हजार धरून चाला. पुण्याहून चिरंजीव म्हणाले, "अण्णा, वय झालं तिचं. भंगारात देऊन टाका." मीही मान डोलावली. खरे तर दोन महिन्यांपासून गाडी चढाला जड वाटत होती आणि मी स्वतःच म्हणत होतो, वय झाले.

तरी एकदा दाखवावी म्हणून गावातल्या मिस्तरीकडे नेली. पत्र्याचे शेड, चाळीस वर्षे डिझेल जीपांमध्ये गेलेला माणूस. त्याने पान्याला हातही लावला नाही. आधी विचारले, "सर, सपाटीला तापते का?"

"नाही."

"पाणी कमी होतं का?"

"एरवी नाही. त्या दिवशी तापल्यावरच गेलं."

"धूर कसा?"

"काळा."

"मग हेड कशाला खोलायचं? हिला हवा मिळत नाही."

एअर फिल्टर काढला तर धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी गच्च. काळा धूर त्याचाच : डिझेल पूर्ण जाते, हवा अपुरी, अर्धवट जळते, ताकद मिळत नाही. मग त्याने रेडिएटरच्या मागे बॅटरी धरली आणि मला पुढून बघायला सांगितले. उजेड आरपार येईना. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मध्ये गादीतल्या कापसासारखा थर बसला होता. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पुतण्या ही गाडी घेऊन कापसाच्या ट्रॅक्टरांमागे जिनिंगला जात होता. ते सगळे तिच्या नाकात गेले होते.

मिस्तरीने मग मलाच शिकवले. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांना मिळतो, बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. सपाटीला वेग असतो, वारा आपोआप लागतो, म्हणून अर्धे बुजलेले रेडिएटरही निभावून नेते. घाटात इंजिनाला जोर जास्त आणि वारा कमी. तिथे लबाडी चालत नाही. म्हणजे ताकद जाणे आणि तापणे हे दोन आजार नव्हतेच. घाट हे निमित्त, कारण चार महिन्यांचा कापूस.

फिल्टर नवा टाकला. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुतले, म्हणजे जाळीच्या पात्या वाकत नाहीत. आतले बोअरचे गंजके पाणी काढून कूलंट भरले. तीन हजारांच्या आत काम. पुढच्या आठवड्यात फर्दापूरहून अजिंठ्यापर्यंत न थांबता चढलो. काटा मधोमध.

त्या रात्री झोप येईना. अक्काचे शब्द डोक्यात होते. तिला दम लागतो हे आम्ही सगळे वर्षभर बघत होतो आणि सगळे एकच म्हणत होतो, वय झाले. कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. सपाटीला लागतो का, जिना चढतानाच लागतो का, कधीपासून? सकाळी तिला डॉक्टरांकडे नेले. हिमोग्लोबिन ८ निघाले. गोळ्या सुरू झाल्या. पण डॉक्टरही त्या मिस्तरीसारखेच निघाले. म्हणाले, "रक्त कमी आहे हे कळलं. का कमी झालं, ते शोधायला हवं." त्या तपासण्या अजून चालू आहेत. धाकधूक आहे, नाही असे नाही.

असो. गाडी विकायचा विषय तूर्त बंद, हे चिरंजीवांनी वाचावे. आणि घरच्या सगळ्यांना एक विनंती : अक्काला फोन कराल तेव्हा "आता वयच झालं" असे म्हणू नका. "दम कधी लागतो?" असे विचारा. ती सांगेल.