ऑयलरने न काढलेली आकृती

फळ्यावर चार ठिपके आणि सात रेघा काढून आपण सांगतो, कोनिग्जबर्गच्या पुलांचे कोडे ऑयलरने असे सोडवले. प्रेगेल नदीवरचे सातही पूल एकेकदाच ओलांडून गावात फिरता येईल का, हे ते कोडे. गंमत अशी, की सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे १७३५ साली मांडलेल्या त्याच्या निबंधात ही आकृतीच नाही! आहे तो नदीचा नकाशा. ठिपके आले १८९२ मध्ये, राऊझ बॉलच्या पुस्तकात.

मग ऑयलरने केले काय? चार भूभागांना त्याने चार अक्षरे दिली. पूल ओलांडला की पुढच्या भूभागाचे अक्षर लिहायचे. सात पूल, म्हणजे ओळीत अक्षरे आठ. ज्या भूभागाला तीन पूल, तेथून निघा वा न निघा, त्याचे अक्षर दोनदा येणारच (विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे). असे भूभाग तीन. मधल्या बेटाला पूल पाच, म्हणून त्याचे अक्षर तीनदा. बेरीज नऊ; जागा मात्र आठच!

यात लांबी नाही, कोन नाही. स्वतः ऑयलरलाही १७३६ मधल्या एका पत्रात याचा गणिताशी फारसा संबंध वाटला नव्हता. अशा अभ्यासासाठी ‘टोपॉलॉजी’ हा शब्द छापून आला तो १८४७ साली, लिस्टिंगच्या लेखनात.